जेलर आणि अडकलेल्या बांगड्या

प्रयोगशाळेत त्यांना सगळे जेलर म्हणत, कारण एकतीस वर्षं त्यांनी जेल बनवण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. लग्नकार्यात कुणी त्यांच्या बायकोला विचारलं की, 'मिस्टर कुठे असतात?', तर ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "जेलमध्ये. एकतीस वर्षं झाली." समोरच्याचा चेहरा पुरता उतरला की मगच ती खुलासा करायची. माणूस फारच चौकस असला तर खुलासा करायचीच नाही.

काम म्हटलं तर सोपं होतं. समुद्री शेवाळातून काढलेली पांढरी भुकटी मोजून घ्यायची, पाण्यात उकळायची, सपाट ट्रेमध्ये ओतायची आणि एका कडेला फणी रोवून ठेवायची. अर्ध्या तासात ते थिजतं. फणी अलगद उपसली की दातांच्या जागी ओळीने खाचा उरतात. त्या खाचांत डीएनएचे निळा रंग मिसळलेले थेंब सोडायचे, टाकीत खारट पाणी भरायचं, त्याला बफर म्हणतात, आणि दोन तारांनी वीज जोडायची. मग खाचांतला डीएनए लाल तारेच्या दिशेने निघतो. थिजलेल्या जेलच्या पोटात डोळ्याला न दिसणारं जाळं असतं, आणि त्या जाळ्यातून प्रत्येक रेणू आपापल्या आकाराप्रमाणे वाट काढतो. कोण किती पुढे गेला हे संध्याकाळी जांभळ्या दिव्याखाली पट्ट्यांवरून कळतं.

यात गाढवपणा करायला जागा एकच. तारा उलट्या जोडल्या तर डीएनए पुढे जाण्याऐवजी मागे सरकतो, आणि थोड्याच वेळात खाचांमागच्या कडेतून बाहेर पडून पाण्यात मिसळतो. दिवसभराची मेहनत पाण्यात, तीही अगदी शब्दशः. म्हणून जेलर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी घोटून घ्यायला लावत. "काळी खाचांपाशी, लाल पायथ्याशी" ही एक. आणि शंका आलीच तर बुडबुडे बघायचे, ही दुसरी. काळ्या बाजूला बुडबुडे नेहमी जास्त येतात.

तरीही कुणीतरी चुकायचंच. त्यासाठी दाराशेजारच्या भिंतीवर एक फळा होता. ज्याने तारा उलट्या लावल्या त्याने त्यावर स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, स्टुलावर उभं राहायचं आणि आपण काय केलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. आवाज लहान वाटला तर जेलर कानामागे हात धरून "पुन्हा" म्हणत. फळ्यावर त्रेचाळीस नावं होती. त्यांत प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचंही होतं, त्या विद्यार्थिनी असतानाचं. जेलरचं नव्हतं. आल्यागेल्याला चहा देण्याआधी ते फळा दाखवत, आणि स्वतःचं नाव तिथे नाही हे पाहुण्याच्या लक्षात येईपर्यंत चहा येत नसे.

त्यांची टाकीही जुनी, त्यांनीच तरुणपणी चिकटवून बनवलेली. तारांची टोकं इतक्यांदा तुटून सांधली होती की दोन्ही तारांवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि लाल कुठली, काळी कुठली हे बघणाऱ्याला ओळखू येत नसे. बाईंनी नव्या तारा दोनदा मागवल्या. दोन्ही वेळा जेलरनी त्या कपाटात ठेवून दिल्या. "माझ्या हाताला कळतं," ते म्हणायचे. आणि हाताला खरंच कळायचं.

माणसांना नावं ठेवण्याची त्यांना भारी हौस. सहा फूट उंच, झुपकेदार मिशांचा एक संशोधक चार हातांचे, चांदणीच्या आकाराचे रेणू घेऊन काम करायचा. त्याला त्यांनी पहिल्याच आठवड्यात चांदणी करून टाकलं. त्याचं नाव फळ्यावर तीनदा लागलं होतं, आणि जेलरचं नाव एकदा तरी तिथे बघायचं एवढीच त्याची इच्छा होती. दुसरी एक मुलगी गोल रेणूंवर काम करायची. तिचं नाव अर्थातच बांगडी.

बांगडीचं दुखणं वेगळंच होतं. तिला बघायचं होतं की एखादा रेणू सरळ दोरीसारखा असला तर जेलमधून कसा जातो, आणि त्याचीच दोन्ही टोकं जोडून वळं केलं तर कसा जातो. सरळ दोरीची काही तक्रार नव्हती. तिला टोक असतं. टोक जिकडे शिरेल तिकडे बाकीचं अंग मागोमाग सरपटत जातं. वळ्याला टोकच नाही. लहान वळी कशीबशी निसटायची, पण बांगडीची वळी मोठी होती. ती खाचेतून बाहेर पडून दोन पावलं गेली की तिथेच ठाण मांडून बसत. वीज वाढवा, कमी करा, जेल पातळ करा, काही करा. दोन वर्षं ती दर आठवड्याला फोटो काढत होती आणि प्रत्येक फोटोत वळ्यांचा पट्टा खाचेच्या तोंडाशी चिकटलेला असायचा.

"अडतंय कुठे?" जेलरनी तिला एकदा विचारलं होतं.

"जाळ्याच्या धाग्यांची टोकं मोकळी असतात ना काका, एखाद्या खुंटीसारखी. वळं जाऊन खुंटीत अडकतं. आपण पुढे ओढतो, ते आणखी घट्ट बसतं. असं मला वाटतं. पण ते सुटून पुढे गेलेलं दाखवता आलं तरच खरं. नाहीतर माझा डीएनए खराब आहे, असंच सगळे म्हणणार."

आणि सगळे तसंच म्हणत होते. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत समितीने तिला स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या वेळी वळी हललेली दिसली नाहीत तर हा विषय बंद. तिला नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती, म्हणजे दोन वर्षं मातीत. पुढची वेळ आता अडीच आठवड्यांवर आली होती.

त्या दिवशी जेलरनी तिचं जेल सकाळी अकराला लावलं. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते, आणि निरोपाच्या भाषणासाठी माहिती हवी म्हणून चांदणी वही घेऊन त्यांच्या मागे लागला होता. दुपारी तीनला बफर तापलं, म्हणून जेलरनी वीज बंद केली, तारा काढल्या आणि टाकीत ताजं बफर घातलं. चांदणी विचारत होता, "काका, एकतीस वर्षांतली सर्वांत मोठी कमाई कुठली?" हा प्रश्न जेलरना फारच आवडला. ते टाकीकडे पाठ करून चांदणीकडे वळले, मागे हात नेऊन सवयीने तारा खोचल्या, बटण दाबलं, आणि म्हणाले, "लिही. एकदाही तार उलटी नाही."

चांदणीने ते लिहून घेतलं. मग वरच्या सभागृहात कुणाचंसं व्याख्यान होतं तिकडे तो आणि बांगडी गेले. बाई आधीच गेल्या होत्या.

दहा मिनिटांनी जेलर टाकीवर वाकले. निळा रंग जिथे होता त्याच्या नखभर मागे आला होता.

त्यांनी चष्मा पुसला. रंग मागेच होता. मग ते दारापाशी जाऊन बाहेर बघून आले, जणू कुणी चोरीच करायला निघालं आहे. परत येऊन तारा बदलल्या, बटण दाबलं, आणि चेहरा असा केला की कुणी आलंच तर वाटावं, हा माणूस टाकीजवळून हललेलाच नाही. यानंतर त्या खोलीत जे झालं ते त्यांनी पुढे पंधरा दिवस कुणालाही सांगितलं नाही, आणि जेव्हा सांगितलं तेव्हाही पहिल्या खेपेला अर्धंच सांगितलं.

साडेपाचला बांगडी आली, जेल जांभळ्या दिव्याखाली धरलं आणि किंचाळली. वळ्यांचा पट्टा खाचेपासून अर्धं बोट पुढे आला होता. चांदणी धावत आला, बाई आल्या. बांगडी हसत होती की रडत होती ते तिलाच कळत नसावं. तिने जेलरचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. जेलर "वा, वा" म्हणाले.

बाईंची नजर मात्र घारीची. त्या म्हणाल्या, "वळी पुढे आली हे छानच. पण सरळ दोऱ्या नेहमीपेक्षा मागे का राहिल्या? काका, आज काही वेगळं केलंत?"

जेलर बोलून गेले, "बफर बदललं ना तीनला. फ्रिजमधलं होतं. गार."

गार बफरमध्ये सगळंच हळू सरकतं, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं. इतकं पटण्यासारखं, की बांगडीने तिथल्या तिथे त्याचा सिद्धांत बनवला. गारव्याने जाळं आक्रसत असेल, धागे ताठ होत असतील, म्हणून वळी निसटत असतील! दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत बर्फ यायला लागला. घमेल्यांत बर्फ, बादल्यांत बर्फ, टाकीभोवती बर्फाच्या पिशव्या. फरशी ओली, सगळ्यांचे मोजे ओले. चांदणी दोनदा घसरून पडला. बांगडी स्वेटर घालून टाकीपाशी बसायची, आणि संध्याकाळी फोटोत वळी खाचेच्या तोंडाशी. एकदा, दोनदा, पाचदा.

जेलर हे सगळं बघत होते. बर्फ फोडायला हातोडीही तेच आणून देत होते. आपल्या थापेपायी एक पोर गारठतेय हे त्यांना दिसत होतं, आणि दर वेळी ते ठरवत, आज सांगू. मग दाराकडे जाताना फळा दिसायचा. त्यावरची त्रेचाळीस नावं, आणि प्रत्येक नावाच्या वेळी त्यांनी म्हटलेलं "पुन्हा, पुन्हा". आज सोमवार, उद्या सांगू, असं करत दुसरा आठवडा संपला.

घरी बायकोला वास लागलाच. ती शिवणयंत्रापाशी बसून कुणाचीतरी बाही सैल करत होती. म्हणाली, "अहो, काय लपवताय?"

"मी? काही नाही."

"दहा दिवस झाले, माझ्याशी एकदाही भांडला नाहीत. काल भाजीत मीठ नव्हतं, तरी गुमान खाल्लीत."

त्यांनी तिला तारेचं सांगितलं. ती आधी पोटभर हसली. चुकीचा दोरा ओढून बाही उसवेपर्यंत हसली. मग तिने चष्मा कपाळावर चढवला.

"त्या पोरीचं काय होणार?"

"गुरुवारी तपासणी आहे. विषय बंद होईल बहुतेक."

"आणि तुम्ही सांगितलंत तर तुमचं काय होईल?"

"फळ्यावर नाव."

"फळा भिंतीवर आहे ना? कपाळावर तर नाही लिहीत?"

"तुला नाही कळायचं."

"मला नको कळायला. मी आयुष्यभर उसवत आलेय आणि पुन्हा शिवत आलेय, माझी कुणी भाषणं नाही लिहिली," ती म्हणाली. "पण त्या पोरीकडून फुकटचा बर्फ नका फोडून घेऊ. लाज वाटते मला."

ते शेवटचं वाक्य जेलरना लागलं. रात्रभर कूस बदलत राहिले.

सोमवारी सकाळी चांदणी आत आला, त्याने सवयीने फळ्याकडे पाहिलं आणि तो दारातच थबकला. सर्वांत खाली, चव्वेचाळिसावं नाव होतं, आणि अक्षर जेलरचंच. मागोमाग बांगडी आली, बाई आल्या. जेलर स्टूल ओढत मधोमध आले. गुडघा कुरकुरला, चांदणीने हात दिला, आणि ते वर चढले.

"पंधरा दिवसांपूर्वी, दुपारी तीन वाजता, मी बांगडीच्या जेलला उलटी तार लावली," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "दहा मिनिटांनी लक्षात आलं. मग सरळ केली. गार बफर वगैरे थाप होती."

मग चांदणीने हसायला सुरुवात केली. "काका, तुम्ही ग्रेट आहात! बांगडीला वाचवायला स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेताय?"

"अरे, खरं सांगतोय!"

"तुम्ही आणि उलटी तार? पश्चिमेला सूर्य उगवला का? मी स्वतः तिथे उभा होतो. तुम्ही डोळे मिटून लावता."

"डोळे मिटूनच लावली, तीच तर चूक!"

बांगडीचेही डोळे भरून आले. "काका, माझ्यासाठी इतकं नका करू."

जेलरना कळेना, रडावं की हसावं. पंधरा दिवस ज्या कबुलीला घाबरत होते ती केली, तर कुणी ती घ्यायलाच तयार नाही. एकतीस वर्षांत इतकी पत कमावली होती की आता खरं बोललं तरी खोटं वाटत होतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "वाद कशाला? करून बघू. सरळ दोऱ्या मागे का राहिल्या होत्या त्याचं उत्तर यात मिळतंय. आणि काका, तारा तुम्हीच लावा."

जेल लागलं. तीन वाजता वीज बंद झाली. जेलरनी तारा काढल्या, सांधलेली टोकं हातात धरली आणि उजवा हात पुढे नेला. हात सवयीने बरोबर खोबणीकडेच गेला. त्यांनी तो मागे घेतला, पुन्हा नेला, तरी तिकडेच. तिसऱ्या वेळी बोटं मध्येच थांबली. चांदणी आता हसत नव्हता. "मी लावू का?" तो म्हणाला.

"नको. माझी आहे ती," जेलर म्हणाले, आणि डाव्या हाताने तार उलटी खोचली.

दहा मिनिटं उलटी, मग सरळ. संध्याकाळी फोटोत वळ्यांचा पट्टा हललेला दिसला, पण केसभर. आधीच्या अर्ध्या बोटाशी त्याचं काही नातंच नव्हतं. बांगडीने तो मोजला आणि खुर्चीत बसली.

"सुटतात खरी," बाई हळू म्हणाल्या. "मागे ओढलं की खुंटीवरून निघतात. पण लगेच पुढच्या खुंटीत जाऊन अडकतात. त्या दिवशी इतकी लांब कशी गेली? काका, आणखी काही झालं होतं का?"

"नाही," जेलर म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

कारण खरी लाज पुढेच होती. एकदा तार उलटी लागली, हे स्टुलावर उभं राहून सांगता येतं. बाईंकडूनही झालं होतं. पण त्यानंतर काय झालं ते सांगायचं म्हणजे एकतीस वर्षांचं सगळं सोंग उतरवून ठेवायचं.

मंगळवारी सकाळी बांगडी एकटीच आली होती. बर्फाच्या रिकाम्या बादल्या एकात एक घालून ठेवत होती. जेलर तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. या वेळी चढले नाहीत.

"मी घाबरलो होतो," ते म्हणाले.

"कशाला, काका?"

"तार सरळ केली. मग वाटलं, खरंच सरळ केली का? दोन्हींवर काळी चिकटपट्टी. इतकी वर्षं हातावर भरवसा होता, आणि हात तर आत्ताच चुकला होता. रंगाकडे बघत बसलो, पण तो इतका हळू सरकतो की काही कळेना. मला वाटलं उलटीच आहे. म्हणून पुन्हा बदलली. मग वाटलं, आधीच बरोबर होतं. पुन्हा बदलली. नवशिका बरा गं माझ्यापेक्षा."

बांगडीच्या हातातली बादली खाली आली. "किती वेळा?"

"सात."

"सात! आणि बुडबुडे?"

"तेच तर. पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो ते मला सुचलंच नाही. शेवटी एकदाचं सुचलं आणि सातव्यांदा बदलली ती बुडबुडे बघून." त्यांनी मान खाली घातली. "आता हस."

ती हसली नाही. तिने वही काढली. "दर वेळी किती वेळ थांबलात? आठवतंय?"

आठवत होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी त्या तासात इतक्यांदा पाहिलं होतं की काट्यांच्या जागा डोळ्यांत बसल्या होत्या. त्यांनी एकेक वेळ सांगितली, तिने लिहिली. तोपर्यंत बाईही येऊन तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. जरा वेळाने त्यांनी वहीवर बोट ठेवलं.

"हे बघ. तार सरळ असताना काका पाच-पाच, सहा-सहा मिनिटं थांबलेत. पहिली दहा मिनिटं सोडली, तर उलटी असताना दोन मिनिटांत बदललीय. दर वेळी."

"मग?" जेलर म्हणाले.

"मग तुमच्या हाताला कळत होतं, काका. तुम्हालाच पटत नव्हतं."

जेलर उठून भुकटी मोजायला गेले. ती दोनदा सांडली.

त्या दिवशी टाकीपाशी चौघंही बसले. पुढे पाच मिनिटं, मागे दोन. पुन्हा पुढे पाच, मागे दोन. बांगडी घड्याळ बघून "आता" म्हणायची आणि जेलर तार बदलायचे. चौथ्या वेळेपर्यंत उजवा हातही तयार झाला. बाराव्या वेळी तर ते चांदणीला कोपराने ढोसून म्हणाले, "बघ, उलटी लावायलाही अंगात कला लागते." संध्याकाळी वळ्यांचा पट्टा खाचेपासून पाऊण बोट पुढे होता. खुंटीवरून सुटायचं, थोडं पुढे जायचं, अडकायचं, पुन्हा मागे येऊन सुटायचं. असं करत वळी एकेक पाऊल चालत आली होती. बुधवारी पुन्हा तेच केलं आणि पुन्हा तेच आलं. बांगडी दोन्ही फोटो जवळ घेऊन बसली होती, आणि एवढी शांत ती कुणी कधी पाहिली नव्हती.

बुधवारी निघताना जेलर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या कुणी विचारलं तर तुझीच कल्पना म्हणून सांग. अभ्यास करून सुचली म्हण. शोभून दिसेल."

"कुणाला? मला की तुम्हाला?" बांगडी म्हणाली.

गुरुवारी समितीसमोर ती चांगली बोलली. जेलर सर्वांत मागच्या खुर्चीवर, दाराच्या अगदी जवळ बसले होते, म्हणजे वेळ आली तर निसटता येईल. बाहेरून आलेले परीक्षक हडकुळे आणि खडूस म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी फोटो नाकाशी धरून पाहिले, आकडे तपासले आणि मग चष्म्यावरून बांगडीकडे बघितलं.

"दोन वर्षं तुम्ही वळी पुढे ढकलत होता. मध्येच मागे ओढायची कल्पना कशी सुचली?"

बांगडीने क्षणभर मागे पाहिलं. जेलरनी डोळ्यांनी खुणावलं, सांग, सांग, तुझीच.

"कल्पना नव्हती, सर," ती म्हणाली. "आमचे काका घाबरले होते."

सभागृहात हशा पिकला. परीक्षक हसले नाहीत. "कोण काका?"

सगळ्या माना मागे वळल्या. जेलरना दार दिसत होतं, दोन पावलांवर होतं. ते उभे राहिले, पण दाराकडे गेले नाहीत. बंडीचं बटण उगाच लावलं.

"मी, साहेब. सात वेळा तार बदलली."

"आणि दर वेळी किती वेळ थांबलात?"

"धीर सुटेपर्यंत, साहेब."

पुन्हा हशा झाला. या वेळी परीक्षकांच्या मिशाही हलल्या. "तार सरळ असताना धीर पाच मिनिटं टिकला, उलटी असताना दोनच मिनिटं," ते वहीतले आकडे वाचत म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर."

"इतक्या वर्षांत हे याआधी कधी झालं नव्हतं?"

जेलरनी तोंड उघडलं. 'एकदाही नाही' हे दोन शब्द सवयीने ओठांवर आले होते, आणि चांदणी पुढच्या रांगेतून मान वळवून त्यांच्याकडे बघत होता.

"कुणास ठाऊक, साहेब," ते म्हणाले. "झालं असेलही. तेव्हा मी कधी रंगाकडे वळून बघितलं नसेल."

परीक्षकांनी वही मिटली. मग बांगडीला म्हणाले, "तुमचा विषय चालू राहू दे. आणि जमलं तर या काकांना आणखी दोन-चारदा घाबरवा." बांगडीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जेलर अजून उभेच होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सगळं सभागृह त्यांना हसत होतं, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यात सर्वांत मोठ्याने तेच हसतायत.